शेपूटमामांचे पुसलेले बाण

शेवटी येणाऱ्याला जगात कोणी विचारत नाही. शर्यतीत नाही, पंगतीत नाही, वाटण्यांत तर नाहीच नाही. आमच्या शेजारच्या मामांना मात्र शेवटी येण्याचाच पगार मिळतो. म्हणून त्यांचं नाव शेपूटमामा. नाव भाचीनं ठेवलं आणि ते गावभर झालं. आता त्यांचं खरं नाव घेऊन कोणी घर विचारलं, तर लोक चार घरं पुढं पाठवतात.

आमच्या भिंतीला त्यांची भिंत आहे. पुढचं सगळं मी मामा आणि मामी दोघांच्याही तोंडून ऐकलेलं आहे. जिथं दोघांचं जुळत नाही, तिथं मी मामींचं धरलंय. रोज तिकडूनच चहा येतो.

मामांनी चौतीस वर्षं सायकलवरून टपाल वाटलं. कुठल्या घरात कोर्टाचा कागद येतो, कुठल्या पोरीला गुलाबी पाकीट येतं, कुठलं कुत्रं नुसतं भुंकतं आणि कुठलं न भुंकता पोटरी धरतं, सगळं त्यांना पाठ. पण एक खोड होती. स्वतःच्या घरचं पत्र आलं की ते पिशवीच्या तळाला टाकायचे. "आपलंच आहे, कुठं जातंय," म्हणायचे. मग ते तळालाच राहायचं, आणि दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या दिवशी घरी पोचायचं. मामींच्या भावाच्या लग्नाचं पत्र मामींना मिळालं तेव्हा वऱ्हाड परत आलं होतं. त्या गोष्टीला तीस वर्षं झाली. मामी अजून काढतात. भाजी चिरताना हमखास काढतात.

नोकरी संपली आणि मामा घरात बसले. चारच दिवस बसले. मामी शिवणकाम करतात. पुढच्या खोलीत खिडकीखाली त्यांचं पायाचं मशीन, आजूबाजूला शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे, कॉलर उलटायला आलेले शर्ट, गुंड्यांचे डबे. त्यात मामा येरझाऱ्या घालायला लागले. पाचव्या दिवशी मामींनी नणंदेच्या मुलीला निरोप धाडला : "तुझ्या मामाला काहीतरी काम दे बाई. दिवसभर माझ्याभोवती घुटमळतात आणि कापलेल्या कापडावर पाय देतात."

ही भाची सायकलींच्या सहली काढते. शहरातली माणसं येतात, तिच्या सायकली घेतात आणि दिवसभर माळामाळानं पडक्या जागा बघत हिंडतात. पडक्या जागांना आमच्या भागात तोटा नाही. अर्ध्यात संपणारा पूल आहे. बिनछपराची सराई आहे. उंच कमानींवरून गेलेला पाण्याचा पाट आहे, त्यातून आता फक्त वारा वाहतो. टेकडीवर बुरूज आहे. लहानपणी आम्ही तिथं शेळ्या बांधल्या, लपंडाव खेळलो, आणि आणखी काय काय केलं ते लिहिण्यासारखं नाही. हे बघायला कोणी घाम गाळत लांबून येईल, असं आमच्या स्वप्नातसुद्धा नव्हतं. मामांनाही या जागांचा इतिहास येत नाही. त्यांना त्या पंक्चरवरून माहीत आहेत. पुलाजवळ काटे, सराईजवळ काचा, पाटाखाली सराट्यासारखं बारीक टोचणारं गवत.

सहलीची रीत अशी. भाची सगळ्यांत पुढं, मामा सगळ्यांत मागं, नारिंगी जाकीट घालून. मधे माणसं ज्याच्या त्याच्या चालीनं येतात. कोणी फोटो काढतं, कोणी झुडपाआड जातं. म्हणून भाची प्रत्येक फाट्यावर थांबते आणि तिथल्या मैलाच्या दगडावर पांढऱ्या खडूनं बाण काढते. मागून येणारा बाण बघून वळतो. आणि शेवटी मामा येतात, उतरतात, ओल्या फडक्यानं बाण पुसतात आणि पुढं जातात. पुसायचं कारण असं की भाचीच्या वाटा दोन आहेत. रविवारची वाट पाटाकडं जाते, बुधवारची बुरुजाकडं. बुधवारचा बाण राहिला तर रविवारची माणसं टेकडी चढतील.

पण मामांच्या लेखी पुसण्याला आणखी एक अर्थ होता. बाण पुसला म्हणजे माझ्यामागं कोणी नाही. टपालावर शिक्का मारावा तसं ते फडकं मारायचे. सहा वर्षांत एक माणूस मागं राहिला नव्हता, आणि हे ते स्वतःच सांगायचे, न विचारता.

मोजणीचीही त्यांची पद्धत ठरलेली. थांब्यावर ते माणसं मोजत नाहीत, भिंतीला टेकलेल्या सायकली मोजतात. "माणूस हलतो. सायकल सांगितलं तिथं उभी राहते," हा त्यांचा अनुभव.

आता मामींचं. छप्पन्नाव्या वर्षी मामी एका सकाळी म्हणाल्या, "मला सायकल शिकवा."

मामांनी चहाचा कप खाली ठेवला. "आत्ता? या वयात?"

"मग कुठल्या वयात? आयुष्यभर पायांनी मशीन चालवलं मी. लाखभर मैल झाले असतील. इंचभर पुढं गेले नाही."

शाळेच्या मैदानावर उजाडायच्या आत शिकवणी सुरू झाली. मामी चारदा पडल्या, एकदा मामांवरच पडल्या. दीड महिन्यात त्यांना तोल सापडला. वळायला अजून जागा लागते, आणि ब्रेक लावताना त्या डोळे मिटतात, पण चालवतात. सीट तापते म्हणून त्यांनी जुन्या पँटचं कापड घेऊन, आत कापूस घालून, सीटला टोपडं शिवलं. आणि एका रविवारी भाचीला म्हणाल्या, "मी येते गं तुझ्याबरोबर. तुझा मामा सहा वर्षं कुठं जातो ते बघते एकदा."

त्या रविवारी चौदा माणसं होती. भाचीच्या यादीत चौदा, मामांच्या डोक्यात चौदा. मामी कशाला यादीत असतील? घरच्या माणसाचं नाव कोणी यादीत घालतं का?

निघताना मामींनी आपला फोन मामांच्या पिशवीत टाकला. जन्मभर दुसऱ्यांना खिसे शिवून देणाऱ्या या बाईच्या स्वतःच्या कपड्याला एक खिसा नाही. हँडलला एक कापडी थैली अडकवलेली होती, पण तिच्यात शिवणाचं किडूकमिडूक, वर कात्री. कात्रीशेजारी फोन नको म्हणाल्या.

पुलापासून सराईपर्यंत मामी भाचीच्या बरोबरीनं चालल्या. मागून मामांना त्यांचं टोपडं दिसत होतं आणि हसणं ऐकू येत होतं. दहाच्या सुमाराला सगळे सराईत पोचले. चौदा सायकली बाहेरच्या भिंतीला लागल्या. भाचीनं मधल्या चौकात उभं राहून सांगितलं की इथं व्यापाऱ्यांचे तांडे उतरायचे, खाली जनावरं, भोवती चाळीस खोल्या. मग आवाज चढवून म्हणाली, "आणि नीट ऐका. पुढच्या फाट्याला उजवीकडं मोठा रुंद रस्ता दिसेल. तो आपला नाही. तो दगडाच्या खाणीत जातो. बारा वाजता तिथं सुरुंग लावतात. आपला बाण डावीकडं असेल."

सगळ्यांनी ऐकलं. मामींनीही ऐकलं. तिथून त्या खोल्या बघायला निघाल्या आणि सायकल बरोबर घेऊन गेल्या. बाहेर ऊन होतं, टोपडं नवीन होतं. ती त्यांनी अगदी कोपऱ्यातल्या एका खोलीत सावलीला लावली.

त्या खोलीची भिंत बघून मामी थबकल्या. दगडाला दगड असा बसवलेला की मधून दोरा जायचा नाही. मामी त्यावर बोट फिरवत राहिल्या. तीस वर्षं ज्यांनी शिवण लपवायचा धंदा केला, त्यांनाच अशी शिवण दिसते. खाली फरशी गार होती. मामींनी बूट काढले आणि पाय पसरले. डोळा लागला नाही, असं मामी म्हणतात. लागला, असं मामा म्हणतात. नाही लागला.

भाचीची घंटी वाजली ती मामींनी ऐकली. त्यांना वाटलं, ही पहिली घंटी, अजून एक होईल. सावकाश बुटांच्या नाड्या बांधल्या. बाहेर येऊन बघतात तो भिंत रिकामी.

इकडे मामांनी भिंतीच्या सायकली मोजल्या होत्या. चौदा. एक एक करत चौदाही गेल्या. मामांनी सराईकडं एकदा वळून पाहिलं, जाकीट ओढलं आणि निघाले. मामींचा विचार मनात आला नाही असं नाही. आला. त्याच्या पाठोपाठ दुसरा आला : असेल पुढं भाचीबरोबर, गप्पा हाणत. आपलंच आहे, कुठं जातंय.

सराईपासून एका किलोमीटरवर पहिला फाटा. मामा उतरले, फडकं भिजवलं आणि बाण घासून पुसला. खाणीचा फाटा म्हणून जास्तच घासला. पुढं पाच किलोमीटरवर दुसरा फाटा. उजवीकडं पाट, डावीकडं बुरुजाची टेकडी. तिथलाही पुसला.

अकराच्या आसपास ते पाटाखाली पोचले. कमानींच्या सावलीत सतरंजी पडली होती, उकडलेली अंडी आणि पाव निघाले होते. भाचीनं मान वर केली.

"मामा, मामी कुठं?"

"तुझ्याबरोबर."

"माझ्याबरोबर कुठं? सराईपासून नव्हत्या. मला वाटलं तुमच्याबरोबर आहेत."

मामा म्हणाले, "माझ्यामागं कोणी नाही."

ते वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मामांच्या तोंडचं पाणी पळालं.

सहलीत एक दाताचा डॉक्टर होता. जिथं तिथं याचं मत तयार. अंडं सोलता सोलता म्हणाला, "पण तुम्ही मोजता ना?"

"मोजले. चौदा."

"मग त्या पंधराव्या."

"हो," मामा म्हणाले.

"घाबरू नका. खोल श्वास घ्या." डॉक्टर हे दात उपटायच्या आधी म्हणतात तसंच म्हणाला, त्यामुळं कोणालाच धीर आला नाही.

भाचीनं मामींना फोन लावला. फोन वाजला. मामांच्या पिशवीत वाजला. सगळे त्या पिशवीकडं बघत राहिले, आणि तो वाजून वाजून बंद पडला.

आता सगळं मामांच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. बाई सराईतून एकटी बाहेर पडणार. फाट्यावर येणार. दगडावर बाण नाही, कारण आपणच पुसला, घासून पुसला. डावीकडची वाट अरुंद, खडबडीत. उजवीकडची ऐसपैस, ट्रकांनी रुळवलेली. वळायला जागा लागणाऱ्या बाईला कुठली बरी वाटेल? घड्याळात सव्वाअकरा झाले होते.

"खाणीचा नंबर आहे का कोणाकडं?" भाचीनं विचारलं. कोणाकडं असणार? ती सायकलीकडं धावली. "मी जाते. माझी सायकल हलकी आहे."

"तू चौदा सांभाळ," मामा म्हणाले. "माझी मी आणतो."

चौतीस वर्षं आणि वर सहा वर्षं मामांनी सायकल एकाच चालीनं चालवली होती. टपाल वेळेवर जातं, पळत जात नाही, असं ते म्हणायचे. त्या दिवशी माणूस असा सुटला की कमानीखाली बसलेल्यांनी पाव हातातच धरून ठेवले. दुसरा फाटा गेला. पुढचे पाच किलोमीटर गेले. वाटेत समोरून मामी येतील, डोळे मिटून ब्रेक लावतील, अशी आशा प्रत्येक वळणाला वाटत होती. प्रत्येक वळण रिकामं. म्हणजे या वाटेला ती आलीच नाही. म्हणजे ती तिकडं गेली. पहिल्या फाट्यावर मामा खाणीच्या रस्त्याला वळले तेव्हा बाराला वीस मिनिटं होती.

तीन किलोमीटरवर बांबूचा आडवा अडसर होता. शेजारी पत्र्याची टपरी, आणि तेलाच्या डब्यावर लाल निशाण घेऊन एक म्हातारा बसलेला. मामांनी सायकल जवळजवळ त्याच्या मांडीवर घातली.

"एक बाई… सायकलवर… सीटला टोपडं…"

"दम घ्या आधी," निशाणवाला म्हणाला. "टोपडं बाईला की सीटला?"

"आत गेली का?"

"सकाळपासून इथनं कुत्रंसुद्धा आत गेलेलं नाही."

"नक्की? तुम्ही डुलकी काढली असेल."

निशाणवाल्याला राग आला. "अहो, आत किती गेले, बाहेर किती आले, हे मी सांगितल्याशिवाय तिकडं वात पेटत नाही. अठरा गेले, अठरा बाहेर आलेत. तुमची कोण ती?"

"बायको."

"मग ती आली असती आणि मी डुलकी काढत असतो, तर तिनं मला उठवून चार शब्द सुनावले असते. बायकोला न मोजता कोणाचं भागतं का?"

मामांनी सायकल वळवली, तर निशाणवाल्यानं कॅरिअर धरला. "आता नाही. दगड इथपर्यंत उडतात. टपरीत या, मान खाली घाला. मोकळीक झाल्याचा भोंगा होईपर्यंत हलायचं नाही."

दोघे टपरीत उकिडवे बसले. बारा वाजता जमीन हलली, पत्रा थरथरला, आणि धुळीचा एवढा मोठा लोट उठला की ऊन पिवळं झालं. मामा म्हणतात, त्या क्षणी त्यांना दोन गोष्टी एकदम वाटल्या. बरं झालं, ती इथं नाही. आणि मग आहे कुठं? पहिलीनं जीव थोडा खाली बसला होता, तो दुसरीनं परत वर ओढला.

भोंगा व्हायला पाऊण तास लागला असं मामांना वाटलं. खरं तर वीस मिनिटं. मामा फाट्यावर आले, तिथून सराईत गेले, चाळीसच्या चाळीस खोल्या पाहिल्या, हाका मारल्या. सराई त्यांच्या हाका त्यांनाच परत करत होती. त्या पडक्या भिंतीशी ते मिनिटभर उभे राहिले. सकाळी चौदा सायकली मोजताना उभे होते, त्याच जागी. मग जड पायांनी परत फाट्याकडं निघाले.

मैलाच्या दगडांना चार अंगं असतात, आणि बाण भाची नेहमी सराईकडून येणाऱ्याला दिसेल अशा अंगाला काढते. मघाशी पाटाकडून येताना मामांना दगडाची पाठच दिसली होती, खाणीतून येताना कड. आता पहिल्यांदा ते सराईकडून आले. दगडावर बाण होता.

निळा.

भाचीचा खडू पांढरा. हा निळा, चपटा, एका ओढीत काढलेला आणि टोकाला बारीक होत गेलेला. मामा सायकल टाकून दगडापाशी बसले. हा खडू त्यांच्या ओळखीचा होता. त्यांच्या प्रत्येक शर्टाच्या कॉलरखाली, बाहीच्या आत, बेतताना राहून गेलेल्या याच रेघा असायच्या. पोस्टात सगळे त्यावरून चिडवायचे. शिंप्याचा खडू. बाण डावीकडं होता. खाणीकडं नाही, डावीकडं. खाली ओल्या फडक्याचे त्यांचे स्वतःचे फराटे होते, आणि त्या फराट्यांच्या आत पांढऱ्याची जी पुसट सावली उरली होती, तिच्यावरून नेमका हा बाण गिरवलेला.

मामांनी दगडावर हात ठेवला आणि तसेच बसून राहिले.

मग उठून मारली टांग. दुसऱ्या फाट्यावरही निळा बाण होता, पण इथं तो बुरुजाकडं होता. रविवारी बुरुजाकडं कशी गेली ही? मामांनी वाकून पाहिलं. दगडावर दोन पुसट सावल्या होत्या, एक आजची पाटाकडची, एक बुधवारची बुरुजाकडची. आजची चांगली पुसली गेली होती. बुधवारी पाऊस येईल म्हणून मामांनी घाई केली होती, म्हणून तीच जास्त ठळक. बाईनं जी दिसली ती गिरवली.

टेकडीचा चढ मामांनी सायकल ढकलत काढला. बुरुजाच्या पायथ्याशी सायकल दिसली, भिंतीच्या सावलीत, टोपड्यासकट. मामांनी सीटवर हात ठेवला. टोपडं गार होतं. तेवढ्यात वरून पायऱ्यांवर बूट आपटत कोणीतरी येत होतं. मामा पायऱ्या चढायला लागले, आणि मधल्या वळणावर मामी समोर आल्या. तोंड लाल, केस विस्कटलेले.

"कुठं होता तुम्ही?" मामी म्हणाल्या.

मामांना क्षणभर कळेना, हे वाक्य कोणाचं आहे.

"मी कुठं होतो? अगं, मी तुला…"

"खाणीत गेला होता. सांगू नका. वरून बघितलं मी. सगळं दिसतं वरून. मी चढले आणि बघते तर खाली नारिंगी ठिपका, सुसाट. एवढं सुसाट आयुष्यात गेला नाहीत म्हणून आधी वाटलं, दुसराच कोणीतरी आहे. मग फाट्यावर खाणीकडं वळलात. ओरडले मी. घसा बसला माझा. बारा वाजत आले आणि हा माणूस खाणीत चाललाय."

"तू तिकडं गेलीस असं वाटलं मला."

"मी कशाला जाऊ? भाचीनं सांगितलं होतं ना सकाळी. ऐकलं मी. तुम्ही ऐकलं नाही?" मामी पायरीवर बसल्या. "मग तो धडाका झाला. धूळ उठली. आणि मग रस्ता रिकामा. कितीतरी वेळ नुसता रिकामा. मी मोजत होते. कोणी बाहेर येईना."

मामा दोन पायऱ्या खाली उभे होते. "निशाणवाल्यानं बसवून ठेवलं. भोंगा होईपर्यंत."

"मला इथून काय कळणार भोंगा झाला का नाही." मामींनी हातातली थैली मामांच्या खांद्यावर मारली. कात्री होती आत, लागलं. "त्या रिकाम्या रस्त्याकडं बघून माझं काय झालं ते माझं मला ठाऊक. शेवटी दिसलात. हळू चालला होतात. तुमच्या नेहमीच्या चालीनं. तेव्हा कळलं, तुम्हीच आहात."

बुरुजावर पहारा बसायचा त्याला किती शतकं झाली, भाचीला माहीत. इतक्या वर्षांत तिथं कोणी मन लावून टेहळणी केली असेल तर ती त्या दिवशी मामींनी.

मामा खांदा चोळत म्हणाले, "बाण कसा दिसला तुला? मी घासून पुसला होता."

"खडू कधी पुसून जातो का? कापडावरचा जात नाही, दगडावरचा कसा जाईल? तिरकं होऊन बघायचं, दिसतो." मग थांबून म्हणाल्या, "इथल्या फाट्यावर दोन दिसले. एक तर फारच कच्चं पुसलेलं. कोणाचं काम ते?"

"माझंच."

"वाटलंच. आणि गिरवला कशाला, ते नाही विचारलंत. म्हटलं, शेपटाच्याही मागं राहिले मी. मला शोधत कोणी आलं, तर त्याला कळायला नको?"

"मी मोजलं नाही तुला," मामा म्हणाले. अख्ख्या गावात कोणाला त्यांनी हे सांगितलेलं नाही. मलाही मामींनीच सांगितलं.

"ठाऊक आहे," मामी म्हणाल्या. "चौदा मोजून निघाला असणार. मी रिकाम्या भिंतीकडं बघितलं आणि मला तिथंच कळलं. राग आला. एक किलोमीटर टिकला. पुढं उतार लागला, मग कुठला राग? उतारावर कधी एकटी गेलेच नव्हते मी. तुम्ही मागं धरूनच असायचा."

मामांनी पिशवीतून फोन काढून त्यांना दिला. मग म्हणाले, "चल, खाली जाऊ. तिकडं अंडी संपवतील."

"सहा वर्षं इथं येता. वर गेलाय कधी?"

नव्हते गेले. बुधवारी सगळे वर चढायचे आणि मामा खाली सायकली राखायचे.

"या," मामी म्हणाल्या आणि वर वळल्या.

बावन्न पायऱ्या. मामांच्या पायांत आधीच काही उरलं नव्हतं. शेवटच्या दहा पायऱ्या मामींनी त्यांचं मनगट धरून चढवल्या. वर कंबरेएवढा कठडा आणि वारा. खाली सगळा मुलूख पसरला होता. सराई काडेपेटीच्या खोक्याएवढी, रस्ते दोऱ्यासारखे, खाणीवर अजून धुळीचं पिवळं बसलेलं. पलीकडं पाटाच्या कमानी, आणि सावलीत रंगीत ठिपके.

"तो बघा," मामींनी बोट केलं, "पांढऱ्या टोपीचा, मधेच उभा राहून हात हलवतोय."

"दाताचा डॉक्टर."

"काय करतोय?"

"सगळ्यांना काहीतरी समजावून सांगत असणार."

मामी हसल्या. मामाही हसायला गेले आणि त्यांना खोकला आला. खोकता खोकता ते कठड्याला पाठ लावून खाली बसले. मामींनी पाठीवर थापट्या मारल्या, आणि मग त्याही शेजारी बसल्या, बूट काढून.

मामांचा फोन वाजला. इथं उंचावर आवाज चांगला येत होता. भाची ओरडतच होती, "मामा, सापडल्या का मामी? मामा? तासभर फोन लागत नाही तुमचा. बोला ना."

मामा तोंड उघडणार तेवढ्यात मामींनी फोन ओढून घेतला.

"अगं, सापडले तुझे मामा," त्या म्हणाल्या. "हातीपायी धड आहेत. आम्ही जरा बसतो इथं. तुम्ही खाऊन घ्या."